छोट्या कॅबिनेटसाठी रेडिएटर आणि फॅन: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की कॉम्प्युटर तापण्याचे प्रश्न सुरू होतात आणि पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळ्या उत्तरांमागे एक गोष्ट धरलेली आहे: प्रोसेसर गार ठेवणारा कूलर निवडायचा तो मे महिन्यातल्या दुपारी तीनच्या हिशेबाने. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, कोणताही कूलर चांगलाच वाटतो.

१. छोटं कॅबिनेट म्हणजे नेमकं केवढं?

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिमी, आणि कॅबिनेट साधारण २० लिटरच्या आतलं. लिटर काढायचे तर लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १००० ने भागा. नेहमीचं टॉवर कॅबिनेट ४० लिटरच्या पुढे जातं. १०-११ लिटरच्या कॅबिनेटात बोर्ड एका बाजूला आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून दुसऱ्या बाजूला असतं, मध्ये दोघांना जोडणारी रायझर केबल. लियान ली ए४-एच२ओ हे ११ लिटरचं आहे आणि त्यात वरच्या बाजूला २४० चा, म्हणजे १२० मिमीच्या दोन फॅनचा, रेडिएटर बसतो. कूलर मास्टर एनआर२०० हे १८ लिटरच्या आसपासचं, त्यात हात घालायला तरी जागा मिळते. पहिल्यांदाच बांधत असाल तर एनआर२०० च्या मापाचं घ्या. ११ लिटरमध्ये एक वायर चुकीच्या बाजूने आली तरी झाकण लागत नाही.

२. लिक्विड कूलर लावला की प्रोसेसर खोलीपेक्षा गार होईल का?

नाही. लिक्विड कूलरचा पंप प्रोसेसरवर तापलेलं पाणी नळ्यांतून रेडिएटरमध्ये नेतो. रेडिएटरमधलं पाणी हवेलाच उष्णता देतं, त्यामुळे ते हवेपेक्षा थोडं गरमच राहतं. खोलीत ४० अंश असतील तर कितीही महागडा रेडिएटर लावा, पाणी ४० च्या वरच राहणार. लिक्विड कूलर उष्णता एका जागेवरून उचलून मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो, एवढंच त्याचं काम. एसीमध्ये कॉम्प्रेसर असतो, इथे नसतो.

३. व्हिडिओत तोच कूलर ७५ अंश दाखवतो, माझ्याकडे ९५. माझा पीस खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. त्या चाचण्या २०-२४ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. कूलर किती चांगला हे खोलीच्या हवेपेक्षा प्रोसेसर किती वर गेला यावर ठरतं, आणि हा फरक जवळपास तसाच राहतो. २२ अंशांच्या खोलीत ७५, म्हणजे फरक ५३ चा. खोली ४२ अंशांची झाली की तोच कूलर ९५ दाखवणार. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, ७८००एक्स३डी ची ८९. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीची १००. तिथे पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. पण तुम्ही ज्या वेगाचे पैसे मोजले तो मिळत नाही.

म्हणून कूलर पाहताना चाचणीतल्या आकड्यात सरळ २० मिळवा आणि मग विचार करा. खोलीचं तापमान मात्र मोबाइलवरच्या हवामानाच्या अॅपमधून घेऊ नका. कॅबिनेटच्या जाळीसमोर साधा थर्मामीटर ठेवा. जुन्या वाड्यातल्या माळवदाच्या खोलीत दुपारीही हवा बाहेरपेक्षा बरीच गार असते. पत्र्याखालच्या खोलीत ती बाहेरपेक्षा गरम असू शकते. एकाच गल्लीतल्या दोन घरांना एकच सल्ला देता येत नाही तो यामुळेच.

४. मग मला लिक्विड कूलर हवाच का? साधा हीटसिंक चालणार नाही का?

पुष्कळांना चालेल, आणि मी तर आधी तोच विचार करायला सांगतो. हीटसिंक म्हणजे प्रोसेसरवर बसणारा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा आणि त्यावर फॅन. त्यात पंप नाही, नळ्या नाहीत, बिघडलाच तर फॅन बिघडतो आणि तो कुठल्याही दुकानातून बदलता येतो. रायझन ५ ७६०० किंवा रायझन ७ ७७०० कागदावर ६५ वॉटचे आहेत, प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत ओढतात. एवढ्याला ७० मिमी उंचीचा, बोर्डावर वरून खाली हवा मारणारा हीटसिंक पुरतो. नॉक्टुआ एनएच-एल१२एस या मापाचा आहे. ३७ मिमीचा एनएच-एल९ए सुंदर वस्तू आहे, पण मेमध्ये पूर्ण भारावर त्याची दमछाक होते. तो घेतलात तर प्रश्न ११ मधली वॉटची मर्यादा लावाच.

ढोबळ हिशेब असा: ९० वॉटपर्यंत हीटसिंक, १२० च्या पुढे २४० किंवा त्याहून मोठा रेडिएटर. मधल्या पट्ट्यात कॅबिनेट काय बसू देतं त्यावर ठरवा. जेकार्डचं डिझाइन, हिशेबाची कामं, ऑफिसचा कॉम्प्युटर यांना लिक्विड कूलर लागत नाही. चार-चार तास रेंडरिंग चालणाऱ्यांना लागतो.

५. १२०, २४०, २८०, ३६० यांतला कोणता घ्यावा?

क्षेत्रफळ काढा, उत्तर समोर येतं. १२० चा रेडिएटर १४,४०० चौरस मिमीचा. २४० चा २८,८००. २८० चा ३९,२००, म्हणजे २४० पेक्षा ३६ टक्के जास्त. ३६० चा ४३,२००, म्हणजे २८० पेक्षा फक्त १० टक्क्यांनी मोठा. त्यामुळे कॅबिनेटात २८० बसत असेल तर आपल्या हवेत तोच घ्या. त्याचे १४० मिमीचे फॅन तेवढीच हवा कमी फेऱ्यांत देतात, आवाजही खाली राहतो.

१२० चा एकच रेडिएटर घेण्यात अर्थ फार कमी आहे. चांगला हीटसिंक त्याच्या बरोबरीचं काम कमी पैशांत करतो. हीटसिंकला उंचीच नाही आणि एकाच फॅनची जागा उरली आहे, अशा कॅबिनेटातच तो घ्यावा.

मापाबद्दल एक सावधगिरी. २४० हे फॅनचं माप आहे. रेडिएटरची खरी लांबी दोन्ही टोकांच्या टाक्या धरून २७५ मिमीच्या आसपास जाते, २८० ची ३१५ च्या आसपास. शिवाय नळ्या वळायला जागा लागते. कॅबिनेटवर ‘२४० चालतो’ लिहिलं म्हणजे प्रत्येक कंपनीचा २४० बसेल असं नाही. ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन बसा.

६. जाड रेडिएटर घेऊन पातळ फॅन लावला तर? की उलट?

उलट. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी जाड आणि फॅन २५ मिमी, मिळून ५२. ए४-एच२ओ मध्ये ५५ मिमीची जागा आहे, म्हणजे ही जोडी नीट बसते. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमीचा आहे. २५ चा फॅन लावला की ६३ होतात, बसत नाही. १५ मिमीचा पातळ फॅन लावला तर ५३, कागदावर बसतं. पण जाड रेडिएटरमधून हवा ढकलायला दाब जास्त लागतो आणि पातळ फॅनकडे तोच कमी असतो. २७ अधिक २५ ही जोडी ३८ अधिक १५ पेक्षा मला नेहमी बरी वाटते. पातळ फॅन लावणं भागच असेल तर प्रश्न २० वाचल्याशिवाय स्क्रू हातात घेऊ नका.

७. फॅनच्या खोक्यावर इतके आकडे असतात. कोणता बघायचा?

रेडिएटरसाठी दाब बघा. तो पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. २ च्या वर असेल तर चांगला. आर्क्टिक पी१२ हा मिनिटाला १८०० फेऱ्यांवर २.२ देतो, नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५ हा २००० फेऱ्यांवर २.३४. दोघांच्या किमतीत मोठी तफावत आहे, कामात तेवढी नाही. महागडा फॅन त्याच कामाला आवाज कमी करतो, त्याचे ते पैसे. कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत असेल तर घ्या, दुकानात असेल तर नको.

सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) मोठा आकडा मोकळ्या हवेतला असतो. समोर रेडिएटर आणि जाळी आली की त्यातला मोठा भाग गळून जातो. दिव्यांचे स्वस्त फॅन इथेच फसवतात.

बेअरिंग विचारून घ्या. साध्या स्लीव्ह बेअरिंगचं वंगण उष्णतेत लवकर आटतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फॅन घरघरू लागतो. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग आपल्याकडे टिकतं.

फेऱ्या निम्म्या केल्या तर हवा निम्मी होते, पण दाब चौथाई उरतो. आवाजासाठी फॅन फार मंद ठेवला की रेडिएटर एकदम तापतो, त्याचं कारण हे.

८. रेडिएटरच्या फॅनने हवा आत घ्यावी की बाहेर टाकावी?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात. एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही, पण हिशेब सगळ्यांना सारखा आहे.

समजा रेडिएटरमधून प्रत्यक्षात ३० सीएफएम हवा जाते आहे आणि प्रोसेसर १५० वॉट उष्णता देतो आहे. तेवढी उष्णता घेऊन बाहेर पडणारी हवा सुमारे १० अंशांनी तापलेली असते. खोली ४२ ची असेल तर रेडिएटरमागची हवा ५२ ची. रेडिएटर हवा आत घेत असेल तर ही ५२ अंशांची हवा कॅबिनेटात सोडली जाते, आणि ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सगळे तीच घेतात. उलट रेडिएटर हवा बाहेर टाकत असेल तर ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा प्रोसेसरच्या वाट्याला येते. २०० वॉटचं कार्ड म्हणजे ही उष्णता प्रोसेसरपेक्षाही जास्त.

म्हणून आधी पाहा, ग्राफिक्स कार्ड हवा कुठून घेतं. कार्डाचे फॅन थेट बाजूच्या किंवा खालच्या जाळीला चिकटून असतील, तर ते स्वतःची ताजी हवा घेतंच आहे. अशा वेळी रेडिएटर वर लावून हवा बाहेर टाका. गेम खेळणाऱ्यांसाठी मी जवळजवळ नेहमी हेच सुचवतो, कारण गेममध्ये कार्ड जास्त तापतं आणि प्रोसेसर त्यामानाने निवांत असतो. ज्यांचं काम प्रोसेसरवर चालतं, म्हणजे प्रोसेसरवरचं रेंडरिंग, मोठ्या फाइल्सचं रूपांतर, त्यांनी बाजूचा रेडिएटर हवा आत घेणारा ठेवावा आणि तापलेली हवा वरून काढायला वेगळा फॅन द्यावा. तो फॅन नसेल तर ही मांडणी करू नका. गरम हवा आतच फिरत राहते.

‘गरम हवा वर जाते, म्हणून वरूनच काढली पाहिजे’ असं बरेच जण लिहितात. फॅन चालू असताना हवेची ही आपली आपण वर जाण्याची ओढ नगण्य असते. फॅन जिकडे ढकलेल तिकडे ती जाते.

लिक्विड कूलर लावल्यावर कार्डाचं तापमान वाढलं, अशी तक्रार वारंवार येते. त्याचं कारणही वरच्या हिशेबात आहे.

९. फॅन रेडिएटरच्या आधी लावायचा की नंतर?

गार करण्यात दोन्हींत फारसा फरक नाही. फरक साफसफाईत आहे. हवा आत घेणाऱ्या रेडिएटरला फॅन आतल्या बाजूने, म्हणजे ओढणारा लावला, तर रेडिएटरच्या पट्ट्या बाहेर जाळीकडे राहतात. धूळ दिसते आणि स्क्रू न काढता ब्रश फिरवता येतो. सोलापुरात मी हीच पद्धत धरतो, कारण प्रश्न १३ मध्ये आहे. दोन्ही बाजूंनी फॅन लावायला छोट्या कॅबिनेटात जागाच नसते.

फॅनची दिशा ओळखायची तर ज्या बाजूला मोटर धरणारे दांडे आहेत त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची असेल तर सुताचा एक सुटा धागा जाळीसमोर धरा. तो ओढला जातो की उडतो ते लगेच कळतं.

१०. रेडिएटर कुठेही लावला तर चालतो का? पंपातून खळखळ आवाज येतो.

नाही चालत. बंद लिक्विड कूलरमध्ये थोडी हवा असतेच आणि वर्षागणिक ती वाढते, कारण रबरी नळ्यांतून पाण्याचा अंश बाहेर झिरपत राहतो. ती हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची वरची टाकी असली पाहिजे, पंप नव्हे. रेडिएटर वर लावणं उत्तम. बाजूला उभा लावायचा तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच असलं पाहिजे आणि जमल्यास नळ्या खालच्या टोकाला. तळाला रेडिएटर लावून पंप वर, ही मांडणी टाळाच. पंप कोरडा फिरतो आणि अकाली जातो.

नवा कूलर पहिले काही दिवस खळखळला तर काळजी नको. नंतरही आवाज राहिला तर कॅबिनेट चालू असताना हळूच तिरकं करून हवा रेडिएटरकडे जाऊ द्या. कॅबिनेट आडवं ठेवायची सवय असेल तर हा सगळा विचार आडव्या स्थितीत पुन्हा करा.

११. एक पैसा न खर्चता तापमान उतरवायचा उपाय आहे का?

आहे, आणि सगळ्यात परिणामकारकही तोच आहे: वॉट कमी करा. ७७००एक्स मूळ सेटिंगवर १४२ वॉटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) इको मोड ६५ वर ठेवला की ८८ वर थांबतो. उष्णता एक तृतीयांशाहून जास्त घटते, आणि गेममध्ये किंवा रोजच्या कामात फरक हाताला जाणवत नाही. सगळे कोअर तासन्‌तास राबवणाऱ्या कामाला थोडा वेळ जास्त लागतो. इंटेलच्या १४९००के मध्ये २५३ वॉटची वरची मर्यादा १२५ वर आणता येते. एवढा प्रोसेसर छोट्या कॅबिनेटात घालायचाच असेल तर आणायलाच हवी. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवून पाहा.

मी उन्हाळ्याचं वेगळं प्रोफाइल बनवून ठेवायला सांगतो. मार्चमध्ये लावा, पाऊस स्थिरावला की काढा. मोठा रेडिएटर घेण्यासाठी कॅबिनेट बदलायला निघालेले कितीतरी लोक एवढ्यावर थांबले आहेत.

१२. फॅन सतत वर-खाली होतात, डोकं उठतं. काय करू?

फॅन प्रोसेसरच्या तापमानावर चालत असतील. ते एका सेकंदात २० अंशांनी उसळतं, पाणी मात्र सावकाश तापतं. कूलर पाण्याचं तापमान दाखवत असेल तर फॅन त्यावर लावा. नसेल तर बायोसमध्ये फॅनचा वेग वाढण्याआधीचा विलंब वाढवा. पंप मात्र कायम एकाच वेगाने चालू द्या.

तयार कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅनचा किती वेग याचे आराखडे, आपल्या उपयोगाचे नसतात. पाणी ४० ला गेलं की पूर्ण वेग, असं ते असतात. आपल्याकडे मेमध्ये खोलीच ४० ची असते, मग फॅन सकाळपासून किंचाळत राहतात. पाणी ४५ ला निम्मा वेग आणि ५५ ला पूर्ण, असं ठेवा. बहुतेक बंद कूलरसाठी पाण्याची मर्यादा ६० अंशांच्या आसपास धरतात. ५८-५९ ला वरचेवर पोचत असाल तर कर्व्हने भागणार नाही, प्रश्न ११ कडे जा.

१३. आमचं यंत्रमागाचं युनिट आहे. तिथे ऑफिसात लिक्विड कूलर टिकेल का?

टिकेल, पण राखावा लागेल. नुसती धूळ आणि सुताची लव यांत फरक आहे. धूळ पट्ट्यांमधून बरीचशी आरपार जाते. लव आडवी अडकते, तिच्यावर धूळ बसते आणि मग तिच्यातून काहीच जात नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातला कॉम्प्युटर उघडला तेव्हा फॅन बाहेरून स्वच्छ दिसत होते. फॅन काढल्यावर रेडिएटरवर राखाडी रंगाचा सलग थर होता, घोंगडीच्या तुकड्यासारखा. नखाने कोपरा धरला तर अख्खा सोलून हातात आला. फॅन पुढे आणि रेडिएटर मागे असला की हा थर मधोमध, न दिसणाऱ्या जागी बसतो. ओढणारा फॅन लावायचा तो यासाठी.

अशा जागी हवा आत येण्याचा रस्ता एकच ठेवा आणि त्यावर बारीक नायलॉनची, चुंबकाने चिकटणारी जाळी लावा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असू द्या, म्हणजे फटींमधून लव ओढली जात नाही. जाळीने हवा कमी होते हे खरं आहे, प्रोसेसर दोन-चार अंश वर जाईल. ते सोसा. जाळी धुता येते, रेडिएटर धुता येत नाही. विरळ पट्ट्यांचा रेडिएटर मिळाला तर दाट पट्ट्यांच्यापेक्षा तो घ्या. आणि कॉम्प्युटर जमिनीवर ठेवू नका, लव खालीच साचते.

१४. साफ किती दिवसांनी आणि कसं करायचं?

घरात जाळी महिन्याला, रेडिएटर वर्षातून दोनदा. एकदा होळीच्या आधी नक्की. यंत्रमागाच्या जवळ असाल तर जाळी आठवड्याला.

कॉम्प्युटर बंद, वायर काढलेली. आधी मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने लव काढा, मगच ब्लोअर. ब्लोअर हवेच्या उलट दिशेने मारायचा, म्हणजे कचरा आला तसाच बाहेर पडतो. फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने ती वेड्यासारखी फिरली तर बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीज बोर्डाकडे जाऊ शकते. ब्लोअरचं तोंड वीतभर लांब ठेवा, पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि पटकन वाकतात. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

१५. खोलीत डेझर्ट कूलर आहे. त्याच्या ओलाव्याने बिघडेल का? की फायदाच होईल?

फायदा होतो, मोठा. एप्रिल-मेमधली आपली कोरडी हवा डेझर्ट कूलरला मानवते आणि खोली ८-१० अंशांनी उतरू शकते. प्रश्न ३ मधला हिशेब लावा: खोली जेवढी उतरली तेवढाच प्रोसेसर उतरतो. रेडिएटर नेहमी खोलीपेक्षा गरम असल्यामुळे त्यावर दव धरत नाही, ती भीती सोडा.

पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्यातून बारीक तुषार येतात आणि बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार पट्ट्यांवर पांढरे बसतात. ओलसर लव तर निघता निघत नाही. झोताच्या बाजूला, चार-पाच फुटांवर ठेवा. खिडकी उघडी असू द्या. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की हा फायदा कमी होत जातो, पण तोवर पाराही उतरलेला असतो.

१६. अचानक लाइट गेली आणि पंप बंद पडला तर प्रोसेसर जळेल का?

नाही. पंपाबरोबर प्रोसेसरही बंद होतो, उष्णता तयारच होत नाही. यूपीएस कामाच्या फाइल्ससाठी घ्या, कूलरसाठी नको.

१७. कूलरमधलं पाणी कमी झालंय असं वाटतं. फिल्टरचं पाणी भरू का?

भरू नका. आत नुसतं पाणी नसतं, ग्लायकॉल आणि गंजरोधक मिसळलेलं असतं. बहुतेक बंद कूलरमध्ये रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि प्रोसेसरवरची प्लेट तांब्याची असते. हे दोन धातू क्षारांच्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि गाळ प्लेटच्या बारीक खाचांत अडकतो. बोअरचं पाणी सगळ्यात वाईट, आणि आरओचं पाणीही क्षारमुक्त नसतं. शिवाय बंद कूलर उघडला की वॉरंटी संपली. काही मोजक्या कूलरना भरायचं तोंड दिलेलं असतं. तिथे कंपनीने सांगितलेलं द्रावणच वापरा.

पाणी कमी झाल्याची खूण म्हणजे न थांबणारी खळखळ, आणि फॅन पूर्ण वेगात असूनही रेडिएटर गार व प्रोसेसर ९५ ला. तेव्हा बदलायची वेळ आली. पाच-सहा वर्षं मिळाली असतील तर कूलरने आपलं काम केलं आहे.

१८. स्वतः नळ्या जोडून लूप बनवू का?

हौस असेल आणि दर वर्षी द्रावण बदलायची तयारी असेल तरच. ११ लिटरच्या कॅबिनेटात त्याने तापमानात मिळणारा फायदा थोडा आहे, कारण रेडिएटरची जागा तेवढीच राहते.

१९. प्रोसेसर ७० ला आहे, तरी कॉम्प्युटर अडखळतो. का?

हीटसिंक काढून लिक्विड कूलर लावलेल्यांकडून हा प्रश्न येतो. हीटसिंकचा फॅन प्रोसेसरबरोबर शेजारच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवर) आणि एसएसडीवरही हवा मारत असतो. पंपाचा ब्लॉक तसं काही करत नाही. मिनी-आयटीएक्स बोर्डावर सगळं दाटीने असतं आणि एसएसडीचा एक स्लॉट बहुतेकदा बोर्डाच्या मागे, जिथे वारा पोचतच नाही. तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हीआरएम आणि एसएसडीचे आकडे पाहा. एसएसडी ८० च्या वर जात असेल तर तिने वेग कमी केलेला असू शकतो. एक छोटा ९२ मिमीचा फॅन बोर्डाकडे तोंड करून बसवा, किंवा पंपावरच व्हीआरएमसाठी फॅन असलेला कूलर घ्या. मागच्या स्लॉटमधली एसएसडी पुढे आणता आली तर आणा.

२०. पातळ फॅनला रेडिएटरबरोबर आलेले स्क्रू चालतील का?

थांबा. रेडिएटरबरोबर येणारे लांब स्क्रू २५ मिमीच्या फॅनसाठी असतात, साधारण ३० मिमीचे. १५ मिमीच्या फॅनला तेच लावले तर जास्तीचे १० मिमी थेट रेडिएटरच्या आत घुसतात आणि पाण्याची नळी फोडतात. काही रेडिएटरना भोकाखाली संरक्षक पत्रा असतो, बऱ्याच बंद कूलरना नसतो. पातळ फॅनबरोबर त्याचे स्वतःचे स्क्रू येतात, ते वापरा. ते नसतील तर जुना स्क्रू दुकानात नेऊन त्याच आट्याचा आखूड मागा. आटे दोन प्रकारचे असतात, एम३ आणि ६-३२, आणि ते एकमेकांत बसत नाहीत. दोन-तीन फेऱ्यांतच स्क्रू घट्ट झाला तर जोर लावू नका.

२१. बाजूचं पॅनल काढून ठेवलं की तापमान १२ अंशांनी उतरतं. तसंच ठेवू का?

ठेवू नका, पण ही चाचणी केलीत हे फार चांगलं केलंत. दोन-तीन अंशांचा फरक असता तर कॅबिनेट ठीक आहे असं म्हटलं असतं. १२ अंश म्हणजे रेडिएटर पुरेसा आहे, त्याला हवा मिळत नाही. काचेचं पॅनल असेल तर त्याच कंपनीचं जाळीचं पॅनल मिळतं का पाहा. जाळी धुवा. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा, आणि भिंतीपासून हवा जाणारी बाजू निदान वीतभर लांब ठेवा. मग पुन्हा पॅनल लावून आणि काढून मोजा. पॅनल काढूनही फरक पडत नसेल, तर दोष हवेत नाही. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नीट पसरली आहे का, पंपाच्या ब्लॉकवरचा प्लास्टिकचा कागद काढला होता का, आणि पंपाच्या फेऱ्या बायोसमध्ये दिसतात का, या तीन गोष्टी याच क्रमाने तपासा.